नेब्रास्कातल्या खेडेगावात मुलांना शाळेत घालताना

नवऱ्याला जे-१ वेव्हरवर (एक्स्चेंज व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याची अट माफ करणारी सवलत) नेब्रास्कातल्या एका छोट्या गावाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणींनी अभिनंदनाआधी एकच प्रश्न विचारला, "अगं, पण मुलांच्या शाळेचं काय?" प्रश्न चुकीचा नव्हता. गावात चौकात सिग्नल नाही, किराणा दुकान एकच, आणि बालवाडीपासून बारावीपर्यंतची शाळा एकाच इमारतीत. मुलगा सातवीत जाणार होता आणि मुलगी किंडरगार्टनमध्ये. तेव्हा मराठीत विचारावं असं आसपास कुणीच नव्हतं, म्हणून हा लेख.

तो कुणासाठी आहे तेही सांगते. अशा वेव्हरसाठीच्या कॉनराड-३० योजनेत प्रत्येक राज्य वर्षाला ३० परदेशी डॉक्टरांची शिफारस करू शकतं आणि त्यांना डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्यामुळे आपली मंडळी अशा गावांत येतच राहतात. भारतातून शिक्षक म्हणून एक्स्चेंज व्हिसावर येणारेही आता भेटतात. खाली लिहिलेले नियम नेब्रास्काचे आहेत. शेजारच्या आयोवात किंवा कॅन्ससमध्ये असाल तर तारखा आणि लशींची यादी तिथली बघा. बाकीचा अनुभव थोड्याफार फरकाने तोच येईल.

१. आधी डिस्ट्रिक्ट, मग घर

'डिस्ट्रिक्ट' म्हटलं की आपल्याला जिल्हा आठवतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट इथे काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं. आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग सुटा काढला, त्याला स्वतःची निवडणूक दिली आणि स्वतःची घरपट्टी लावायचा अधिकार दिला, तर जे होईल ते. एका काउंटीत तीन-चार डिस्ट्रिक्ट असतात आणि एक डिस्ट्रिक्ट दोन काउंट्यांतही पसरलेलं असतं.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत अशी सुमारे १,१७,००० डिस्ट्रिक्ट होती. आज १३,००० च्या आसपास उरली आहेत. पोरं कमी झाली, रस्ते चांगले झाले, गावोगावच्या शाळा एकमेकींत मिसळल्या. ब्रूनिंग-डेव्हनपोर्ट, एक्झिटर-मिलिगन अशी जोडनावं दिसली की समजावं, दोन गावांनी कुरकुरत लग्न केलंय. आमच्याही शाळेचं नाव जोडनाव आहे, आणि कुठलं गाव आधी यावं यावरून झालेलं भांडण म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात.

सापळा असा, की पत्त्यातलं गाव म्हणजे डिस्ट्रिक्ट नव्हे. टपाल एका गावाच्या नावाने येतं आणि घर दुसऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये मोडतं. आम्ही गावाबाहेर भाड्याने बघितलेलं एक घर असंच निघालं. घरमालकालाही धड सांगता येईना. काउंटी असेसरच्या कार्यालयात त्या घराच्या मालमत्ता कराची नोंद बघा, कर कोणत्या डिस्ट्रिक्टला जातो ते त्यात असतंच. भाडेकरार त्यानंतर.

शेजारच्या डिस्ट्रिक्टची शाळा हवी असेल तर 'ऑप्शन एन्रोलमेंट' म्हणून सोय आहे. पुढच्या वर्षासाठी अर्ज १ सप्टेंबर ते १५ मार्च या काळात करायचा. जागा नसेल तर ते नाही म्हणू शकतात, आणि बस मिळेलच असं धरून चालू नका.

२. वेबसाइट सोडा, शाळेत जा

मी पुण्याच्या सवयीने आधी ऑनलाइन फॉर्म शोधत बसले, मग दोन ईमेल पाठवले. उत्तर नाही. जुलैत शाळेचं ऑफिस अर्धवेळच उघडं असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी एका सकाळी मुलांना घेऊन थेट गेले, तर चाळीस मिनिटांत काम झालं.

छोट्या शाळेत सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे ऑफिसातली सेक्रेटरी. आपल्याकडच्या शाळेतले जुने हेडक्लार्क आठवा, कोणाचा दाखला कोणत्या कपाटात आहे हे ज्यांना तोंडपाठ असायचं. तीच जात. प्रवेश, हजेरी, जेवणाचे पैसे, बसचा निरोप, ताप आलेलं पोर, सगळं तिच्या टेबलावरून जातं. सुपरिंटेंडेंट हे डिस्ट्रिक्टचे सर्वांत मोठे अधिकारी, पण आमचे सुपरिंटेंडेंट ड्रायव्हर आजारी पडला की स्वतः बस चालवतात, त्यामुळे पदाचा धाक धरू नका. बाईंचा नंबर मात्र फोनमध्ये त्याच दिवशी साठवा.

व्हिसा दाखवावा लागेल का, हा प्रश्न प्रत्येक जण मला दबक्या आवाजात विचारतो. नाही. प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. त्यामुळे शाळा व्हिसाची चौकशी करत बसत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला म्हणूनही प्रवेश अडत नाही. फॉर्मवर रकाना असेल तर मोकळा सोडा.

३. कागदांची पिशवी

हे भारतातून निघतानाच गोळा करा:

- जन्मदाखला, मुलाच्या नावासकट. आपल्याकडे बारशाआधीच नोंद होते आणि नावाची जागा कोरीच राहते. आमच्या मुलीच्या दाखल्यावर नाव नव्हतं. ते चढवून आणायला सासऱ्यांना महापालिकेत दोन खेपा पडल्या. इथे प्रवेशानंतर ३० दिवसांत प्रमाणित प्रत द्यावी लागते.
- पासपोर्ट. दाखला अडकला असेल तेवढ्यापुरता उपयोगी पडतो.
- पत्त्याचा पुरावा. भाडेकरार किंवा विजेचं बिल.
- लशींचं कार्ड, मूळ प्रत. याबद्दल खाली सविस्तर.
- डॉक्टरी तपासणीचा कागद. किंडरगार्टन, सातवी, आणि परराज्यातून किंवा परदेशातून येणारा कोणताही विद्यार्थी यांना लागतो. तपासणी प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांतली हवी.
- डोळ्यांची तपासणी. किंडरगार्टनला आणि बाहेरून येणाऱ्यांना. सातवीतल्या मुलालाही ती लागेल हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.
- मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. मराठी माध्यमाची असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा.

शाळा सोडल्याचा दाखला मी कोल्हापूरच्या शाळेतून मिनतवाऱ्या करून आणला होता, शिक्क्यासकट. बाईंनी तो कौतुकाने उलटसुलट बघितला आणि परत दिला. इथे एल.सी. कोणी मागत नाही. तरी काढून ठेवा, परत गेलात तर तिकडे लागेल.

नावाचं एक सांगायचं राहिलं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. शाळेच्या संगणकाने ती जशीच्या तशी घेतली आणि पहिला आठवडाभर हजेरीत माझ्या अर्णवचा 'अर्णव सचिन' झाला. पोरांनी त्यातलं सोपं नाव उचललं. सातवीतल्या मुलाला वर्गभर बापाच्या नावाने हाका! फॉर्मवर 'हाक मारायचं नाव' अशी जागा असते. ती भरा.

४. लशी: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

घरात डॉक्टर असून आम्ही इथे अडकलो, म्हणून नीट वाचा.

पहिली अडचण तारखेची. मुलीचा वाढदिवस जूनमधला. तिला गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एम.एम.आर. लशीचा पहिला डोस वर्षाची झाल्यावर ५ ऑगस्टला दिला, आणि कार्डावर बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं ०५/०८. इथल्या माणसाने ते ८ मे वाचलं. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस, म्हणजे बाद. कारण तो वर्षाच्या आतला असेल तर इथे धरत नाहीत. पोरीला उगाच आणखी एक सुई टोचणार होते. नवऱ्याने फोन करून समजावलं तेव्हा सुटलो. निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर यादी करून घ्या, महिना अक्षरांत लिहून.

दुसरी अडचण म्हणजे आपल्या आणि इथल्या लशींतला फरक:

- आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एम.आर. लस आहे, तिच्यात गालगुंड नाही. इथे एम.एम.आर.चे दोन डोस लागतात. नवव्या महिन्याचा डोस तर वयामुळेच गेला.
- कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, इथे दोन डोस हवेत. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर कोणत्या वर्षी ते लेखी द्या.
- पोलिओचे थेंब एप्रिल २०१६ पासून बदलले, तीनऐवजी दोनच प्रकारांवर चालणारे आले. त्यानंतरचे थेंब इथे मोजत नाहीत. पल्स पोलिओला रांगेत उभं राहून घेतलेले सगळे डोस त्यामुळे हिशेबाबाहेर. इंजेक्शनचे डोस बघतात.
- सातवीला टीडॅप हवं, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस. आपल्याकडे दहाव्या वर्षी जे टी.डी. देतात त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, म्हणून ते चालत नाही.

हिपॅटायटिस-बी बहुतेकांचं झालेलं असतं. क्षयरोगाची चाचणी कुठे मागितलीच, तर बीसीजी घेतल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. कातडीवरची चाचणी बीसीजीमुळे फसवी येऊ शकते.

राहिलेल्या लशी काउंटीच्या किंवा भागाच्या आरोग्य विभागात स्वस्तात मिळतात, पण दवाखाना ठराविक दिवशीच भरतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर गर्दीत सापडाल. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, जूनमध्ये नाही आणि सप्टेंबरमध्येही नाही.

५. कोणती इयत्ता

किंडरगार्टनसाठी ३१ जुलैपर्यंत पाच पूर्ण हवीत. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात पाच होणाऱ्यांना चाचणी घेऊन आधी घेता येतं, पण मागावं लागतं. वरच्या वर्गांत वय बघून बसवतात.

आपला मोह असतो, "आमच्याकडे हे गणित झालंय, एक वर्ष पुढे घ्या." मीही म्हणाले होते. प्रिन्सिपल हसून म्हणाले, गणित पुढच्या वर्गात करू दे, डबा स्वतःच्या वयाच्या पोरांबरोबर खाऊ दे. पटायला मला तीन महिने लागले. नववीपासून मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण तिथून क्रेडिट, म्हणजे शाळा पूर्ण करायला लागणारे विषयवार गुणांक, मोजतात आणि भारतातली नववीही त्यात धरली जाते. छोट्या शाळेत भौतिकशास्त्राला स्वतंत्र शिक्षक असेलच असं नाही. अनेक शाळा मिळून एका शिक्षकाचा तास स्क्रीनवरून घेतात. नेब्रास्कात अशा सामायिक सोयींसाठी एज्युकेशनल सर्व्हिस युनिट नावाच्या १७ संस्था आहेत. स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ हेही बऱ्याचदा तिथूनच आठवड्यातून एक-दोन दिवस येतात.

मूल उशिरा बोलायला लागलं असेल, अक्षरं उलटी दिसत असतील, तर लाजू नका. तपासणी मोफत आहे, आणि नेब्रास्कात ही जबाबदारी मुलाच्या जन्मापासून डिस्ट्रिक्टवर आहे, शाळेचं वय व्हायची वाट बघावी लागत नाही. फक्त मागणी लेखी करा, तारीख घालून. तोंडी बोलणं गोड होतं आणि विरून जातं.

६. घरात कोणती भाषा बोलता?

फॉर्मवर तीन प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, आता कोणती जास्त बोलतं, घरात कोणती बोलतात. शहरातल्या काही आयांनी मला सल्ला दिला होता, "इंग्लिशच लिही, नाहीतर वेगळं बसवतात." मी मराठी लिहिलं. मुलीची छोटी चाचणी झाली, ती तिला खेळच वाटली, आणि इंग्रजी पुरेसं आहे म्हणून विषय संपला. ज्यांना मदत लागते त्यांना ती मोफत मिळते, आणि आईवडिलांना नको असेल तर नाही म्हणता येतं. मग खोटं कशाला लिहायचं? शिवाय तुम्हाला स्वतःला इंग्रजी जड जात असेल तर महत्त्वाच्या बैठकीला दुभाषा मागा. मराठीचा दुभाषा म्हटल्यावर बाई क्षणभर गोंधळतील, मग फोनवरून शोधतील.

७. बस आणि बर्फ

बस सहा मिनिटं आधी येऊ शकते, तुम्ही एक मिनिट उशिरा येऊ नका. खडीच्या रस्त्यावर ती वळवून परत आणणं सोपं नसतं. आमचा ड्रायव्हर दुपारी शॉपचे, म्हणजे कार्यशाळेतल्या हातकामाचे, तास घेतो. कोणत्या फाट्यावर कोणतं पोर झोपाळलेलं असतं हे त्याला पाठ आहे. मूल त्या दिवशी बसने येणार नसेल तर दोनच्या आत ऑफिसला कळवा, नाहीतर अख्खी बस खोळंबते.

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला मेसेज येतो. कधी सुट्टी, कधी 'दहाला सुरू', कधी दुपारी लवकर सोडतात. ती मेसेजयादी लावून घ्या आणि दोघांचेही नंबर द्या. पहिल्या जानेवारीत फक्त नवऱ्याचा दिला होता, तो ओ.टी.त. मी मुलांना घेऊन उणे वीसमध्ये बंद दाराशी उभी. रखवालदाराने आत घेतलं, कॉफी पाजली, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट किराणा दुकानात पोहोचली होती.

८. जेवण

हा गोमांसाचा मुलूख आहे. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरच्या कागदावर शाळेला पर्याय द्यावाच लागतो. आवडीनिवडीपोटी किंवा धर्मासाठी बांधील नाही, पण सांगितलं तर ऐकतात. महिन्याचा मेनू आधी मिळतो, शाकाहारी असाल तर फ्रिजवर लावा आणि लाल पेनने खुणा करा. मांस दिसतं ते कळतं, पण जेलीतलं जिलेटिन कळत नाही.

एक गोष्ट तयारीने ऐका. इथे शाळेत चिली, म्हणजे खिम्याची घट्ट उसळच, तिच्याबरोबर सिनॅमन रोल देतात. गोड रोल तिखटजाळ चिलीत बुडवून खायचा. आख्ख्या राज्याचं हे शाळेतलं लाडकं जेवण. माझी मुलगी रोल खाऊन चिली मैत्रिणीला देते आणि बदल्यात तिची बिस्किटं घेते. बाकीचे दिवस पोळीचा रोल. थर्मासमध्ये वरणभातही चालतो. वास येईल म्हणून मी संकोचत होते, आता स्वयंपाकघरातल्या बाई लिंबाच्या लोणच्याची बाटली भरून मागतात.

जेवणाच्या सवलतीचा फॉर्म सगळ्यांना येतो. उत्पन्न बसत असेल तर लाज न वाटू देता भरा, एक्स्चेंजवर आलेल्या शिक्षकांपैकी काहींचं मोठ्या कुटुंबामुळे बसतं.

९. भारतवारी

डिसेंबरात लग्न, आजीची पंचाहत्तरी, असं करत पाच आठवडे काढायचे आपले बेत असतात. इथे वर्षात २० दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर प्रकरण सरकारी वकिलापर्यंत, म्हणजे काउंटी अ‍ॅटर्नीपर्यंत जाऊ शकतं. तिकीट काढण्याआधी प्रिन्सिपलना भेटा, तारखा लिहून द्या, अभ्यास मागून घ्या. उन्हाळ्याची सुट्टी मेच्या शेवटापासून असते. गरम होतं, पण आंबे सापडतात.

१०. शुक्रवारची मॅच, सोमवारची बैठक

ही पायरी ऐच्छिक वाटते, पण आमचं खरं बस्तान इथे बसलं. इतकी कमी मुलं, की अकरा जणांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होत नाही, म्हणून आठ जणांचा खेळतात, काही शाळा सहा जणांचा. शुक्रवारी रात्री गाव मैदानावर असतं. खेळ कळला नाही तरी जा, पॉपकॉर्नच्या टपरीवर हात लावा. मुलाला संघात घालायचं असेल तर खेळासाठीची डॉक्टरी तपासणी १ मेनंतरचीच चालते, आधीची नाही. प्रवेशासाठी एप्रिलमध्ये केलेली वाया जाते, आमची गेली.

स्कूल बोर्डाच्या बैठकीला कुणीही बसू शकतं, नागरिक असण्याची गरज नाही. मत देता येत नाही एवढंच. शाळेचा बराचसा खर्च मालमत्ता करातून निघतो आणि तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या जमिनीवर बसतो, त्यामुळे छप्पर गळतंय म्हटलं तरी तासभर वाद रंगतो. बैठकीचा वृत्तान्त गावच्या साप्ताहिकात छापून येतो, कोणाचं किती बिल दिलं त्या यादीसकट. दुधाचं, डिझेलचं, ट्रम्बोनच्या दुरुस्तीचं. पहिलं वर्ष मी ती यादीच वाचत होते.

शाळेच्या जोरावर गाव कसं तगतं ते बघायचं असेल तर कोडीला जा. दीडएकशे वस्तीच्या त्या गावात दुकान उरलं नव्हतं. शाळेच्या मुलांनी २०१३ साली गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभारून बांधलेल्या इमारतीत किराणा दुकान सुरू केलं, सर्कल सी मार्केट.

आणि मुलगा मोठा असेल तर एका गोष्टीची तयारी आत्तापासून ठेवा. अशा गावांतल्या मुलांना १४ वर्षं २ महिने पूर्ण झाली, की परीक्षा देऊन शाळेपुरता गाडी चालवायचा परवाना मिळतो. घर शाळेपासून दीड मैलाच्या पलीकडे हवं. आमचं दोन मैलांवर आहे. अर्णवने ते गूगल मॅपवर स्वतः मोजून ठेवलंय, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या एका तारखेभोवती गोल केलाय.